निगडीच्या फोटोग्राफरचं बिल

चाकण किंवा आकुर्डीच्या मोठ्या कारखान्यात फोटो काढायला गेलेल्या माणसाचं पहिलं काम गेटवरच्या केबिनमध्ये उभ्याउभ्या लिहिण्याचं असतं. कॅमेऱ्याची कंपनी, बॉडीवरचा सीरियल नंबर, लेन्स किती आणि कुठल्या, फ्लॅश, ट्रायपॉड असं सगळं रिटर्नेबल गेटपासवर चढतं. एक प्रत सिक्युरिटीकडे राहते आणि बाहेर पडताना तेच नंबर पुन्हा ताडून पाहिले जातात. एखादी लेन्स नोंदवायची राहून गेली, तर ती आपलीच आहे हे संध्याकाळी पटवून देण्यात अर्धा तास जातो. सेफ्टी शूज, हेल्मेट आणि ‘नव्या मॉडेलच्या लाइनकडे कॅमेरा वळवायचा नाही’ ही ताकीद त्यानंतर.

या पट्ट्यातल्या कामाचा एक हंगाम मार्चमध्ये असतो. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना १९६६ साली या तारखेला झाली आणि १९७२ पासून हा दिवस देशभर पाळला जातो. झेंडावंदन, शपथ, पोस्टर स्पर्धा, आग विझवण्याचं प्रात्यक्षिक, बक्षीस समारंभ, सगळ्याचे फोटो हवेत. आणि सगळ्याचं बिल ३१ तारखेच्या आत हवं, कारण खर्च याच आर्थिक वर्षात पडायचा असतो. फोटो दोन दिवस उशिरा गेले तर कुणी फार बोलत नाही. बिल उशिरा गेलं की अकाउंट्समधून फोन येतो.

पिंपरी-चिंचवडमधल्या निगडीसारख्या ठिकाणी फोटोग्राफीच्या धंद्याचा इतिहास कॅमेऱ्यांच्या मॉडेलांवरून सांगता येतो आणि तसा तो बहुतेक वेळा सांगितलाही जातो. बिलावरून सांगितला तर जास्त खरा उतरतो. कारण इथे बिलाचा कागद कसा असावा हे फोटोग्राफरने कधीच ठरवलं नाही. पुष्कळदा सरकारनेही ठरवलं नाही. ठरवलं ते गिऱ्हाईक कंपनीच्या अकाउंट्स विभागाने, आणि तिथे ठरलेल्या गोष्टींची किंमत पुढे मंगल कार्यालयातल्या यजमानांनीही मोजली.

निगडीची घडण बघितली की हे उलगडतं. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली. साठच्या दशकात एमआयडीसीने जमिनी घेतल्या, आकुर्डीत बजाजचे कारखाने उभे राहिले, १९६६ मध्ये टेल्कोने इथे पाय रोवले. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी मिळून नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि निगडीच्या माळावर आखीव सेक्टर पडले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. दोन-अडीच दशकांत शेतीच्या गावाचं कामगारांच्या आणि कारकुनांच्या वसाहतीत रूपांतर झालं. नोकरी लागली की ओळखपत्रासाठी फोटो, राज्य विमा योजनेच्या कार्डासाठी कुटुंबाचा फोटो, आयटीआयच्या अर्जाला फोटो. मग लग्न, बारसं, प्राधिकरणातल्या बंगल्याची वास्तुशांत, पंचवीस वर्षांच्या सेवेचं घड्याळ आणि शेवटी निरोप समारंभ. कामगाराच्या आयुष्यातल्या प्रत्येक टप्प्यावर स्टुडिओवाल्याला काम होतं आणि त्यातले निम्मे टप्पे कंपनीच्या आवारात होते.

घरच्या आणि कंपनीच्या कामांचे पैसे मात्र अगदी वेगळ्या तऱ्हेने येत. लग्नाचं काम शब्दावर चाले. डायरीत तारीख, समोर ॲडव्हान्सचा आकडा, उरलेले अल्बम देताना. पावती मागणारा यजमान क्वचित. कंपनीत लहान रक्कम असेल तर पेटी कॅशमधून मिळे. अकाउंट्सच्या खिडकीवर छापील व्हाउचर, त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवायचा आणि सही अशी करायची की तिचा अर्धा भाग तिकिटावर आणि अर्धा कागदावर येईल. तिकीट फोटोग्राफरने स्वतः आणायचं. म्हणून कंपन्यांत जाणाऱ्यांच्या पाकिटात रेव्हेन्यू स्टॅम्पची एक पट्टी असायचीच. रक्कम मोठी असेल तर बिलबुक. नंबर घातलेली पानं, पांढऱ्यावर लिहायचं, पिवळ्या किंवा गुलाबी पानावर कार्बन, वर स्टुडिओचं नाव आणि ‘चूकभूल देणे घेणे’. रकान्यात ‘पोस्टकार्ड साइज ६० कॉपी’, ‘१२ बाय १५ एन्लार्जमेंट २’ असा हिशेब. माणसाच्या दिवसभराच्या मेहनतीचा वेगळा आकडा त्यात नसे. मेहनत कॉपीच्या दरात मुरलेली असे.

ही लिहिण्याची पद्धत साधी वाटते, पण कायद्याच्या एका मोठ्या वादाचं मूळ तिथेच होतं. बिलात कॉपी मोजल्या आहेत, म्हणजे फोटोग्राफर कागद विकतो का? की तो आपलं कसब देतो आणि कागद त्याच्यासोबत येतो?

मुंबई प्रांतात विक्रीकर सुरू झाला तो १ ऑक्टोबर १९४६ पासून. पुढे १९५३ आणि १९५९ चे कायदे आले. विक्रीकर वस्तूच्या विक्रीवर लागतो, मजुरीवर लागत नाही. इंग्लंडात हाच प्रश्न १९३५ साली एका चित्रकाराच्या बाबतीत कोर्टात गेला होता आणि पोर्ट्रेट काढून देणं हा रंग-कॅनव्हासचा सौदा नसून कौशल्याचं काम आहे असा निकाल लागला होता. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या बी. सी. कामे यांच्या फोटो स्टुडिओचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७७ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की फोटो काढणं, निगेटिव्ह धुणं आणि प्रिंट देणं हा वस्तूच्या विक्रीचा करार होत नाही. गिऱ्हाईक येतं ते फोटोग्राफरच्या हातासाठी. देशभरच्या स्टुडिओंना या निकालाने दिलासा मिळाला.

तो फार टिकला नाही. सेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने २ फेब्रुवारी १९८३ पासून राज्यांना कामाच्या कंत्राटातल्या मालावर कर लावायची मुभा दिली. महाराष्ट्रानेही १९८९ मध्ये वर्क्स कॉन्ट्रॅक्टसाठी स्वतंत्र कायदा केला. आता प्रश्न नव्याने उभा राहिला: प्रिंटमधला कागद आणि रसायन वेगळं काढून त्यावर कर लावता येईल का? २००० मध्ये ‘रेनबो कलर लॅब’ खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. इथे कौशल्य मुख्य आहे. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने एका सीमाशुल्काच्या प्रकरणात या निकालाबद्दल शंका घेतली. २००५ मध्ये एका कलर लॅबच्या प्रकरणात आणखी वेगळा सूर लागला आणि २००६ मध्ये टेलिफोनच्या सिमकार्डांवरच्या खटल्यात त्या सुराशीही असहमती नोंदवली गेली. शेवटी ३० जानेवारी २०१५ रोजी ‘प्रो लॅब’ खटल्यात कर्नाटकचा फोटो-प्रिंटवरचा कर सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला आणि काम कौशल्याचं असलं तरी त्यातल्या मालावर राज्य कर लावू शकतं हे पक्कं झालं.

पक्कं झालं तेव्हा प्रिंट काढणारेच संपत आले होते. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं ‘इंदू’ छापाचं फिल्म आणि कागद, नंतर कोडॅक, फुजी, कोनिकाचे रोल, कलर लॅबची मशिनं हे सगळं कायद्याचा हा वाद चालू असतानाच आलं आणि गेलं. २०१५ मध्ये कंपनीला पेनड्राइव्ह हवा होता. न्यायालयाने कागदाचा निकाल दिला आणि कागद तर बिलातून नाहीसाच झाला होता! करविषयक कज्ज्यांत हे नेहमीच होतं, पण फोटोग्राफीत ते जरा जास्तच उठून दिसतं.

मध्यंतरी दिल्लीने दुसरं टोक धरलं होतं. केंद्राचा सेवाकर १ जुलै १९९४ रोजी टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली या तीनच सेवांवर ५ टक्क्यांनी सुरू झाला. दर वर्षी यादी वाढत गेली आणि १६ जुलै २००१ पासून तीत फोटोग्राफी आली. व्याख्या ऐसपैस होती. स्थिर छायाचित्रण, चलच्चित्रण, हवाई छायाचित्रण, सगळं तिच्यात. आज ऐकून खरं वाटणार नाही, पण त्या वेळी लहान धंद्यांसाठी उलाढालीची सरसकट सूट नव्हती. कागदोपत्री पाहिलं तर टिळक चौकाजवळ पासपोर्ट फोटो काढून देणाऱ्यानेही नोंदणी करून कर भरायचा होता. चार लाखांची सूट १ एप्रिल २००५ ला आली, २००७ ला ती आठ लाख झाली आणि २००८ ला दहा लाख. दर मात्र चढत गेला: ८, १०, १२ असं करत २०१५ मध्ये १४ टक्के, आणि दोन उपकर धरून २०१६ च्या जूनपासून १५ टक्के.

एका कामाला दोन कर लागू शकतात म्हटल्यावर दोन कार्यालयंही आली. सेवाकरासाठी पुण्यात ससून रोडवरचं ‘आइस हाऊस’, राज्याच्या व्हॅटसाठी येरवड्याचं विक्रीकर भवन. १९७५ च्या कायद्याने आलेला व्यवसायकर वेगळा. शॉप ॲक्टचं लायसन्स वेगळं. निगडीहून येरवड्याला जाऊन यायचं म्हणजे एक दिवस मोडला. अल्बम बनवून देणाऱ्याने अल्बमवर व्हॅट लावायचा की पूर्ण रकमेवर सेवाकर, यावर दोन सल्लागार दोन मतं देत. सावध माणसं बिलाचे दोन भाग करीत, एक ‘फोटोग्राफी चार्जेस’ आणि दुसरा ‘अल्बम व मटेरियल’. कॉपीच्या दरात मुरलेली मेहनत बिलावर स्वतंत्र ओळ म्हणून आली ती अशी, कराच्या भीतीने.

स्थानिक कर होताच. पिंपरी-चिंचवड ‘आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका’ म्हणून मिरवायची ती जकातीच्या जोरावर. पुण्यातून फोटो-पेपर आणायचा तर हॅरिस पूल ओलांडताच दुसऱ्या महापालिकेची हद्द लागायची आणि तिची जकात. मुंबईकडून माल आला तर निगडीत. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर ट्रकांची रांग लागलेली असायची. १ एप्रिल २०१३ ला जकात जाऊन स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींखालच्या धंद्यांचा एलबीटी माफ झाला. फोटोग्राफरला या प्रकरणाची झळ कमीच लागली.

कंपन्यांकडे वळायला हवं, कारण मधल्या काळात तिथलं काम बदललं होतं. औद्योगिक छायाचित्रण हा स्वतंत्र पेशा आहे हे भारतात रुजवलं ते मुंबईच्या मित्तर बेदींनी. लाहोरात जन्मलेला हा माणूस पन्नासच्या दशकाअखेरपासून १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत भट्ट्या, पाइपलाइनी आणि यंत्रांचे फोटो काढत राहिला. वार्षिक अहवालात आणि कॅलेंडरात कारखाना दिमाखदार दिसू शकतो हे उद्योगपतींना त्यामुळे कळलं. तोवर कारखान्यात फोटो म्हणजे पाहुण्यांना हार घालतानाचा. १९९९ मध्ये चाकणला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, मर्सिडीज आणि महिंद्राही आले. कॅटलॉग, डीलर संमेलनं, ऑडिटसाठी यंत्रांचे फोटो, परदेशी पाहुण्यांच्या भेटी अशी कामं वाढली. त्याबरोबर ‘वेंडर’ हा शब्द आला. साहेब ओळखीचे आहेत म्हणून काम मिळेना. आधी कोटेशन, मग वेंडर कोड, मग पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ. पीओ नंबर बिलावर नसेल तर बिल परत.

या टप्प्यावर आयकराने आपला वाटा उचलला. टीडीएस कुठल्या कलमाखाली कापायचा याचं उत्तर प्रत्येक कंपनीचं निराळं. १९६१ च्या कायद्यातल्या कलम १९४सी खाली, म्हणजे कंत्राट समजून कापला तर एकट्या माणसाचा १ टक्का. १९४जे खाली, म्हणजे व्यावसायिक सेवा समजून कापला तर १० टक्के. ‘कागद की कसब’ हाच वाद पुन्हा आला, फक्त आता तो न्यायमूर्तींच्या पीठाऐवजी अकाउंट्समधल्या एका टेबलावर मिटवला जात होता. अपील नाही. कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात हे खरं, पण सीझनमध्ये नवी लेन्स घ्यायची असते तेव्हा ते हातात नसतात.

१ जुलै २०१७ ची मध्यरात्र झाली आणि सेवाकर, व्हॅट, उरलासुरला एलबीटी एकदम गेले आणि त्यांच्या जागी जीएसटी आला. फोटोग्राफीला १८ टक्के, सेवा संकेतांकांच्या ९९८३ या गटात. त्यातही पोर्ट्रेट वेगळं, जाहिरातीचं वेगळं, समारंभाचं वेगळं, जुने फोटो दुरुस्त करण्याचं वेगळं. समारंभाच्या कामाचा आकडा ९९८३८३. अल्बम आणि शूटिंग एकत्र दिलं तर मुख्य काम जे, त्याचा दर सगळ्याला. कामे खटल्यापासून चाळीस वर्षं चाललेल्या वादातला जीव अशा रीतीने गेला. नोंदणीची मर्यादा सेवेसाठी वर्षाला २० लाख.

वीस लाख ही मर्यादा ऐकायला प्रशस्त आहे. एकट्याने काम करणारे बहुतेक फोटोग्राफर तिच्या आतच बसावेत. पण पहिल्याच तीन-साडेतीन महिन्यांत इथल्या अनेकांना नंबर घ्यावा लागला आणि त्याचं कारण कायद्यातलं एक छोटं पोटकलम. नोंदणी नसलेल्याकडून दिवसाला एकूण पाच हजारांपेक्षा जास्त खरेदी केली तर त्यावरचा कर कंपनीने स्वतः भरायचा, स्वतःच्याच नावे बिल फाडायचं, अशी ९(४) ची तरतूद होती. कंपन्यांच्या अकाउंट्सने या कटकटीवर सोपा उपाय काढला: जीएसटी नंबर नसलेला वेंडर नको. १३ ऑक्टोबर २०१७ ला सरकारने हे पोटकलम स्थगित केलं. परराज्यात सेवा दिली की नोंदणी सक्तीची, हा नियमही वीस लाखांखालच्यांसाठी त्याच दिवशी सैल झाला. पण तोवर वेंडर फॉर्मवर ‘जीएसटीआयएन’ची चौकट छापली गेली होती. पोटकलम गेलं, चौकट राहिली.

आणि नंबर एकदा घेतला की तो पॅनवर असतो. तो फक्त कंपनीच्या कामासाठी वापरायचा आणि लग्नासाठी बाजूला ठेवायचा अशी सोय नाही. शनिवारी चाकणला डीलर मीट करणाऱ्याने रविवारी यमुनानगरातल्या लग्नाच्या बिलावरही १८ टक्के लावायला हवेत. कंपनीला त्याचं दुःख नाही. तिला तो कर वजावटीत परत मिळतो. वधूपित्याला काहीच परत मिळत नाही. दीड लाखाच्या पॅकेजवर २७ हजार कर म्हटल्यावर तो सरळ नोंदणी नसलेल्या शेजारच्या स्टुडिओकडे जातो, किंवा ‘सगळं धरून दीड लाख’ असं ठरतं आणि कर फोटोग्राफरच्या खिशातून जातो. १ एप्रिल २०१९ पासून पन्नास लाखांपर्यंतच्या सेवा व्यावसायिकांना ६ टक्क्यांची सोपी योजना मिळाली, पण त्यात गिऱ्हाइकाला कर लावून बिल देता येत नाही आणि कंपनीला वजावट मिळत नाही. म्हणजे कंपनी पुन्हा नाखूश. ज्यांची दोन्हीकडे कामं आहेत, त्यांची कोंडी इथे आहे. दराबद्दल तक्रार करणारे खूप भेटतात, पण खरी अडचण दराची नाही. एकाच माणसाला दोन जातींच्या गिऱ्हाइकांना एकाच कागदावर राजी राखायचं आहे.

थोडंफार हाती लागलं ते कॅमेऱ्यावर. सुरुवातीला डिजिटल कॅमेऱ्यावर २८ टक्के होते, १ जानेवारी २०१९ पासून १८ झाले आणि नोंदणी असलेल्याला ते वजा करून घेता येतात.

ई-इन्व्हॉइस आलं ते या पार्श्वभूमीवर. गोव्यात सप्टेंबर २०१९ मध्ये झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत बिलाचा एकच इलेक्ट्रॉनिक नमुना मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून पाचशे कोटींवरच्या कंपन्यांना तो लागू झाला. मग शंभर कोटी, पन्नास, वीस, १ ऑक्टोबर २०२२ ला दहा आणि १ ऑगस्ट २०२३ ला पाच कोटी. नावावरून वाटतं की बिल सरकारी संकेतस्थळावर बनतं. तसं नाही. बिल आपल्याच संगणकावर बनतं, त्याची ठरावीक साच्यातली फाइल नोंदणी पोर्टलवर जाते, पोर्टल ती तपासून ६४ अक्षरी आयआरएन (इन्व्हॉइस रेफरन्स नंबर) आणि सही केलेला क्यूआर कोड परत देतं. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, बिलाचा प्रकार, क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांच्यावरून तो आयआरएन तयार होतो, म्हणून तेच बिल दुसऱ्यांदा नोंदवता येत नाही. चूक झाली तर चोवीस तासांत रद्द करायचं, आणि रद्द केलेला क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. ज्याला हा नियम लागू आहे त्याने आयआरएनशिवाय दिलेलं बिल कायद्याच्या लेखी बिलच नव्हे.

लागू आहे त्याला. निगडीतल्या एकट्या फोटोग्राफरला तो लागू आहे का? साठ हजारांचं एक काम धरलं, तर पाच कोटी ओलांडायला वर्षात ८३४ बिलं लागतील, म्हणजे रोज दोनहून जास्त. एवढी कामं कुणी एकटा करू लागला तर त्याचेच फोटो काढायला हवेत. हा नियम गाठतो तो इव्हेंट मॅनेजमेंट कंपन्यांना आणि जाहिरात संस्थांना, ज्यांच्या हाताखाली फोटोग्राफर काम करतो.

तरीही त्याला यातून सुटका मिळाली नाही. कंपनीच्या संगणकात बिल चढवताना आयआरएनची चौकट रिकामी सोडली की प्रणाली अडते. मग अकाउंट्सकडून पत्र येतं: ‘तुमची उलाढाल मर्यादेच्या आत असून तुम्हाला ई-इन्व्हॉइस लागू नाही, असं लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या.’ दर वर्षी एप्रिलमध्ये नवं पत्र. मर्यादा वीस कोटींची झाली, दहाची झाली, पाचची झाली, तेव्हा तेव्हा पुन्हा पत्र. लागू नसलेल्या नियमाचा कागद लागू असलेल्याइतकाच नेमाने द्यावा लागतो. काहींनी तर बिलाखाली तसं कायमचं छापूनच टाकलं आहे, जिथे पूर्वी ‘चूकभूल देणे घेणे’ असायचं.

याहून जास्त फोन होतात ते ‘टू-बी’वरून. ऑगस्ट २०२० पासून प्रत्येक करदात्याला जीएसटीआर-२बी नावाचं महिन्याचं पत्रक दिसतं. विक्रेत्याने विवरणात दाखवलेलं बिल त्यात उमटलं तरच खरेदीदाराला वजावट, हा नियम टप्प्याटप्प्याने आवळत १ जानेवारी २०२२ पासून पूर्ण लागू झाला. इकडे लहानांच्या सोयीसाठी १ जानेवारी २०२१ पासून पाच कोटींपर्यंत तिमाही विवरणाची सवलत आली. फोटोग्राफरने आनंदाने तिमाही पत्करली आणि एप्रिलमध्ये केलेल्या कामाचं बिल कंपनीच्या पत्रकात जुलैपर्यंत उमटलंच नाही. अकाउंट्सने पेमेंट रोखलं. त्यावर तोडगा आहे: तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची कंपन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत वेगळी चढवता येतात. पण तो सांगणारा सीए भेटेपर्यंत एक पेमेंट अडकलेलं असतं. ई-इन्व्हॉइस असतं तर बिल विवरणात आपोआप गेलं असतं. त्यामुळे ज्यांना तो नियम लागू नाही, त्यांच्यापैकी काहींना तो लागू असता तर बरं असं वाटतं, हे विचित्र असलं तरी खरं आहे.

साठ हजारांच्या त्या कामाचा हिशेब मांडून पाहू. केंद्राचे ५,४०० आणि राज्याचे ५,४०० मिळून बिल ७०,८०० चं. टीडीएस जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर कापायचा असं आयकर खात्याने जुलै २०१७ मध्येच स्पष्ट केलं आहे. १० टक्क्यांनी ६,००० कापले की हातात ६४,८००. महिन्याचं विवरण भरणाऱ्याने १०,८०० पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारजमा करायचे, कंपनीचा चेक आलेला असो वा नसो. कंपनीच्या पीओवर ‘पेमेंट ९० दिवस’ छापलेलं असतं. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरचा कर फोटोग्राफर दोन महिने स्वतः भरून बसतो. २००६ च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्यात ४५ दिवसांची मुदत आधीपासून होती, पण तिला फारसं कुणी विचारत नसे. मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येणार नाही, असं आयकराचं कलम ४३बी(एच) २०२३-२४ या वर्षापासून लागू झालं आणि अकाउंट्सनी आपणहून ‘उद्यम’ प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. सूक्ष्म सेवा व्यावसायिक म्हणून नोंद असलेल्या फोटोग्राफरच्या हाती एवढी एकच वस्तू आली, जिच्यामुळे मागणारा तो आणि घाईत असलेली कंपनी असं चित्र दिसलं.

जीएसटीच्या नियमांत फोटोग्राफरचा नावाने उल्लेख एका ठिकाणी आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. लेखक, संगीतकार आणि चित्रकार यांच्या पंगतीला बसवून म्हटलं आहे की फोटोचा कॉपीराइट प्रकाशकाला किंवा निर्मात्याला वापरू दिला तर त्यावरचा कर फोटोग्राफरने भरायचा नाही, घेणाऱ्याने भरायचा. दिवाळी अंकाला मुखपृष्ठाचा फोटो देणाऱ्यासाठी ही सोय आहे. सेफ्टी वीकच्या फोटोंसाठी नाही.

लग्नाच्या बाजूला ई-इन्व्हॉइस अजून पोचलेलं नाही, कारण ते फक्त धंद्याने धंद्याला दिलेल्या बिलासाठी आहे. इटलीने १ जानेवारी २०१९ पासून थेट ग्राहकाच्या बिलालाही ते लावलं आणि १ जानेवारी २०२४ पासून लहानातल्या लहान व्यावसायिकांची सूटही काढली. तिथला लग्नाचा फोटोग्राफर नवरा-नवरीचं बिल सरकारी देवाणघेवाण यंत्रणेतूनच पाठवतो. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने ग्राहकांच्या बिलांसाठी ऐच्छिक स्वरूपात प्रायोगिक योजनेची शिफारस केली आहे.

ती इथवर आली तर पहिली अडचण ॲडव्हान्सची होईल. वस्तूंच्या ॲडव्हान्सवरचा कर नोव्हेंबर २०१७ मध्ये उठला, सेवांच्या बाबतीत तो कायम आहे. तुळशीचं लग्न लागल्यावर मे महिन्यातल्या मुहूर्तासाठी पंचवीस हजार हातात आले, की नोंदणी असलेल्या फोटोग्राफरने पावती व्हाउचर द्यायचं आणि त्यातला कर लगेच भरायचा. लग्न मोडलं किंवा पुढे गेलं तर परतावा व्हाउचर. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि त्या उन्हाळ्यातले मुहूर्त एकामागून एक रद्द झाले, तेव्हा हे परतावा व्हाउचर नावाचं प्रकरण नियमात आहे हे कित्येकांना पहिल्यांदा कळलं. बहुतेक घरांनी पैसे परत मागितले नाहीत, पुढची तारीख मागितली, आणि ती तारीख पुन्हा डायरीतच लिहिली गेली.